आमच्या गवताविषयी काही खुलासे

आमच्या घरापुढच्या वाफ्यात जे उंच गवत उभं आहे ते आपोआप उगवलेलं नाही. ते विकत आणलेलं आहे. उरुळी कांचनकडच्या एका रोपवाटिकेतून, रोख पैसे मोजून, टेम्पोचं भाडं वेगळं देऊन. हे आधीच सांगून टाकते, कारण कॉलनीत हा खुलासा मला फाटकात उभं राहून, भाजी घेताना आणि एकदा तर कुणाच्या तरी बाराव्याच्या जेवणात करावा लागला आहे. गवत माजलंय इतपत लोक समजून घेतात. गवत विकत आणलंय म्हटलं की मात्र त्यांचा चेहरा पडतो, आणि मग ते आमच्या ह्यांच्याकडे सहानुभूतीने बघतात.

माझं म्हणणं साधं आहे. शोभेच्या झाडाने काही करायचं नसतं, शोभायचं असतं. क्रोटन वर्षानुवर्षं कुंडीत नुसतं बसून असतं, त्याला कुणी जाब विचारत नाही. गवताची मात्र चौकशी होते.

"हे कशाचं?"

"फाउंटन ग्रास आहे."

"म्हणजे याचं करायचं काय?"

"बघायचं."

मग ते बघतात. दोन क्षण मनापासून बघतात आणि म्हणतात, "हो, पण करायचं काय?"

या चौकशीतून सुटलेलं गवत एकच, गवती चहा. तोही तसाच उंच, तसाच अस्ताव्यस्त, त्याच्याही पानांच्या कडा बोटं कापतात. पण तो चहात पडतो, म्हणून त्याला नागरिकत्व आहे. आमच्या मागच्या दाराशी त्याचं एक बेट आहे. बेट होतं, म्हणायला हवं. "दोनच पाती नेते हं" असं म्हणून नेलेल्या पात्यांची जुडी बांधली तर मंडईत गाळा घेता येईल. वाळ्याची अडचण निराळी. उन्हाळा लागला की माठात टाकायला "थोडा वाळा द्या ना" अशी मागणी येते. वाळा म्हणजे त्या गवताची मुळं, ती जमिनीत खोल जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतसुद्धा, आणि थोडा वाळा देण्यासाठी आख्खं गवत उपटावं लागतं, हे सांगितलं की माणसं दुखावतात. गणपतीत दूर्वा मागायला येणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. एवढं गवत आहे म्हणजे दूर्वा असणारच, हा त्यांचा हिशेब सरळ आहे. फक्त दूर्वा न मिळाल्यावर "असू दे, हेच देते" म्हणून एकवीस फूटभर पाती खुडून नेली जातात, तेव्हा बाप्पाला काय वाटत असेल याची काळजी वाटते.

शेजारच्या काकांचा मुद्दा तांत्रिक आहे. काका मूळचे सांगलीकडचे, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना जगातल्या कुठल्याही उंच गवतात ऊसच दिसतो. एका अर्थी ते बरोबरच आहे. ऊस, ज्वारी, भात, गहू, बांबू ही सगळी गवताच्याच कुळातली मंडळी. ऑक्टोबरात माझ्या गवताला तांबूस तुरे आले, सकाळच्या तिरप्या उन्हात ते असे पेटल्यासारखे दिसत होते, वाऱ्याची झुळूक आली की सगळे एका बाजूला कलून पुन्हा सावकाश वर येत होते, आणि मी चहाचा कप घेऊन कठड्याशी उभी होते. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "तुरा पडला की हो."

मी आनंदाने हो म्हटलं.

"उतारा गेला आता. पांगशा फुटणार, दशी पडणार. टोळी मिळाली नाही का वेळेवर?"

उसाला तुरा आला की साखरेचा उतारा घसरत जातो आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. ज्या माणसाने उभा जन्म तुऱ्याची धास्ती घेतली, त्याला तुरा सुंदर असतो हे कसं पटावं? तरी मी प्रयत्न केला. नदीच्या पात्रात, कालव्याच्या कडेला पावसाळा सरताना पांढरेशुभ्र तुरे काढून उभं असतं ते रानगवत उसाचं सख्खं नातेवाईक आहे, असं मी सांगितलं. कोइमतूरला 1912 साली ऊस पैदास केंद्र निघालं, तिथे याच रानगवताशी उसाचा संकर करून को 205 ही जात तयार झाली, आणि 1918 मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती आली. आज शेतात जो ऊस उभा आहे त्याच्या रक्तात हे रानगवत आहे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण त्यात साखर तरी आली," म्हणाले. फेब्रुवारीत मी गवताचं बेट सुतळीने आवळून विळ्याने बुडापाशी कापलं आणि पुढे त्याला कोंब फुटले, तेव्हा त्यांनी आपुलकीने विचारलं, "खोडवा धरलाय वाटतं?"

माळीकाकांना मी दोष देत नाही. गवत दिसलं की उपटायचं हे त्यांचं शिक्षण, आणि ते त्यांनी नेमाने अमलात आणलं. मी गावाला गेले होते. परत आले तर वाफा सारवल्यासारखा स्वच्छ, आणि कोपऱ्यात पांढऱ्या फुलांचं एक रोप जपून ठेवलेलं, भोवती छान आळं करून. ते गाजर गवत होतं. पुण्यात 1955च्या सुमारास पहिल्यांदा दिसलेलं, मग देशभर पसरलेलं, अंगाला खाज आणि नाकाला शिंका आणणारं. ते गवतही नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. "फुलं होती ना ताई, म्हणून ठेवलं," माळीकाका म्हणाले. मी पुन्हा उरुळीला गेले.

लँडस्केपवाल्याने या बागेचं वर्णन 'लो मेंटेनन्स' असं केलं होतं. त्याचा अर्थ पुढे कळला. पैसे चुकते झाल्यावर तो परत येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. ताबा देण्याच्या दिवशी बाग भरलेली दिसावी म्हणून त्याने एकेका फुटावर रोपं लावली. फाउंटन ग्रास चांगलं पोसलं की तीन फूट उंच आणि तेवढंच रुंद होतं. म्हणजे दुसऱ्या पावसाळ्यात वाफ्यात लोकल ट्रेन भरली. शिवाय एका बेटाला त्याने आंब्याची सावली दिली, एकाला ठिबकची नळी दिली, आणि सगळ्यांना भरपूर खत दिलं. या गवताला दिवसाचं सहा तास तरी ऊन लागतं, आणि खतपाणी जास्त झालं तर ते ज्वारीसारखं लोळतं. माझं लोळलं. लँडस्केपवाल्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, तो नॅचरल लुक आहे." दोनतीन वर्षांनी बेटाचा मधला भाग वाळून टक्कल पडतं आणि पहार लावून ते फोडावं लागतं. त्याचाही नॅचरल लुकमध्येच समावेश आहे.

यानंतर साप. कमिटीच्या नोटिशीत माझं नाव नव्हतं. 'काही सभासदांनी वाढू दिलेल्या गवतामुळे सर्पभय' एवढंच होतं, आणि कॉलनीत गवत वाढू देणारी सभासद मी एकटी. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर खरकट्यामागे. खरकटं असतं क्लबहाऊसच्या मागे, कमिटीच्याच देखरेखीखाली. पण खरकट्याला नोटीस काढता येत नाही. मी लेखी उत्तर दिलं की आवारात कुंपणाला लावलेला बांबू हेही गवतच आहे, तेव्हा नोटीस त्यालाही लागू करावी. उत्तर आलं, बांबू हे झाड आहे. इथे मी कमिटीला दोष देऊ शकले नाही. 1927च्या वन कायद्याने बांबूला झाडांतच धरलं होतं, आणि जंगलाबाहेरच्या बांबूला त्यातून वगळायला 2017 साल उजाडावं लागलं. नव्वद वर्षं झाली. आमच्या कमिटीची मुदत पाच वर्षांची आहे.

त्या नोटिशीवर सही करणाऱ्या एक बाई मे महिन्यात लेकीकडे न्यूयॉर्कला गेल्या. तिथून त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो पाठवले. हाय लाइन! बंद पडलेल्या मालगाडीच्या उंचावरच्या रुळांवर केलेली बाग, 2009 साली खुली झालेली. गाड्या बंद झाल्यावर त्या रुळांमध्ये आपोआप गवत आणि रानझाडं उगवली होती. तोच धागा पकडून पीट औडॉल्फ या डच माणसाने तिथली लागवड आखली, उंच गवतं मोकळ्या हाताने वापरली, आणि हिवाळ्यात ती वाळून पिवळी झाली तरी तशीच उभी ठेवायची असं ठरवलं. फोटोखाली बाईंनी लिहिलं होतं, 'काय सुंदर मेंटेन केलंय!' मी अंगठा दाखवला. बाई परतल्या त्या आठवड्यात निरोप आला की माझं गवत रस्त्यावर येतं आहे, जरा कापून घ्याल का.

या सगळ्यात माझी खरी तक्रार वेगळीच आहे. माझ्या गवताविरुद्ध एकच रास्त आक्षेप आहे आणि तो आजवर कुणीही घेतलेला नाही. हे फाउंटन ग्रास परदेशी, आफ्रिकेकडचं. त्याचं बी वाऱ्यावर जातं, मोकळ्या जागेत घुसतं, तिथल्या मूळच्या गवतांना हटवतं आणि वाळलं की वणव्याला खाद्य होतं. युरोपीय संघाने 2017 मध्ये त्याला उपद्रवी परक्यांच्या यादीत टाकून विक्री बंद केली. लग्नाच्या हॉलमध्ये पिवळट पिसाऱ्यासारखं लावतात ते पंपास दक्षिण अमेरिकेतलं. न्यूझीलंडमध्ये ते विकायला आणि वाढवायला मनाई आहे. आमच्याकडे ते पाहुण्यांच्या मागे उभं असतं आणि लोक त्याच्याबरोबर सेल्फी घेतात. मी लाल पानांचं फाउंटन ग्रास मुद्दाम निवडून आणलं, कारण ते सहसा बी धरत नाही. हे सांगायला मी केव्हापासून तयार बसले आहे. विचारलं कुणीच नाही.

मला खरं तर टेकडीवरचं गवत हवं होतं. पुण्याच्या टेकड्या नोव्हेंबरात ज्या सोनेरी होतात त्या गवतामुळेच. कुसळी, पवन्या, मारवेल. कुसळीची तर काय करामत असते! तिच्या बियाच्या टोकाला पीळ पडलेलं लांब कुसळ असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं गिरक्या घेत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं पिळून घेतं. फिरायला आलेल्यांचे मोजे हीही जमीनच आहे असा तिचा समज असतो, एवढाच तिचा दोष. रोशा गवताचं सुगंधी तेल खानदेशात काढत आले आहेत. ही सगळी आपल्या पावसाला, आपल्या मुरमाला सरावलेली, पावसाळ्यानंतर पाणी न मागणारी. रोपवाटिकेत मी त्यांची चौकशी केली. मालक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, ते आम्ही बायका लावून उपटतो," म्हणाला. मी म्हटलं, उपटलेलंच द्या. त्याला ते पटलं नाही. फुकटच्या मालाची पावती कशी करायची हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. टेकडीवरून मुळासकट काही आणायचं नाही एवढं मलाही कळतं. म्हणून बी गोळा करून वाफ्याच्या कडेला टाकलं आहे. त्यातलं काय उगवलंय ते पावसाळ्यात दिसेल, माळीकाकांना आधी दिसलं नाही तर.

तोवर एक विनंती. गवत कापायची वेळ फेब्रुवारी अखेर ते मार्च ही आहे. त्याआधी ज्यांना ते पिवळं, वाळकं, अशुभ किंवा सर्पयुक्त वाटतं त्यांनी कृपया दुसऱ्या फुटपाथने जावं. कापणीच्या दिवशी ज्यांना खरोखर कळकळ असेल त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आणि आपला विळा घेऊन यावं. चहा मिळेल. गवती चहा संपला आहे.