सात फुटांचा वानप्रस्थ
इंग्लंडात निवृत्तीनंतर घर विकून कालव्यातल्या बोटीत राहायला जायची टूम आहे. वानप्रस्थच, फक्त तरंगता. मोह पडतो तो १०-१२ फूट रुंद, ऐसपैस बोटीचा. पण मिडलंड्समधली जुनी लॉक्स (बोट वर-खाली करणारे, दारं लावलेले हौद) जेमतेम ७ फुटांची. तिथे फिरायचं तर नॅरोबोटच, रुंदी ६ फूट १० इंच. लांबी ५७ फूट ठेवली की जवळजवळ सगळीकडे शिरकाव. जन्मभर ‘जरा स्पेस हवी’ म्हणत आलेलं जोडपं आता एकमेकांना वाट द्यायला पलंगावर चढून बसतं.

खरा खल मात्र संडासावर. टाकी भरली की पंपाने उपसून घ्यायची, की कॅसेट, म्हणजे सुटी निघणारी छोटी टाकी, स्वतःच्या हाताने वाहून नेऊन ओतायची? एरवी हवामानापलीकडे न बोलणारा इंग्रज यावर तासन्‌तास भांडतो. (कॅसेटवाले जास्त कर्मठ.)

कायमची जागा भाड्याने घेतली नसेल, तर १९९५च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सहसा १४ दिवसांहून जास्त मुक्काम नाही. वेगमर्यादा ताशी ४ मैल. डिव्हायझेसला केन हिलवर तर २९ लॉक्स, आणि दारं आपणच ढकलायची. गुडघ्याचं ऑपरेशन त्याआधी करावं की नंतर, एवढं बोट विकणाऱ्या दलालाला विचारून ठेवावं.