जावईबापूंची मुलाखत

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. बाबा व आईस सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. फक्त तुमचे जावई घरात टाय लावून फिरत होते. म्युनिकच्या एका कंपनीचं बोलावणं आलं आणि आमच्या स्वयंपाकघराचं ऑफिस झालं. भाकरी थापणारी मी साहेब, समोर स्टुलावर उमेदवार.

"स्वतःबद्दल थोडं सांगा," म्हटलं, तर स्वारी थेट दारव्ह्याहून निघाली. मोतीबाग स्टेशन, शकुंतला रेल्वे, आजोबांची शेती, बारावीला हुकलेले मार्क... दुसरी भाकरी तव्यावर पडली तरी गडी पुसदच्या इंजिनीअरिंग कॉलेजातच! म्हटलं, अहो, दोन मिनिटांत श्टुटगार्ट गाठा, नाहीतर साहेब जेवायला उठेल.

मग बाबा, मी त्यांना तुमच्या कापसाची आठवण करून दिली. यवतमाळच्या बाजारात व्यापारी गाडीवरचा वरचा कापूस बघतो का? कोपरापर्यंत हात खुपसून आतला काढतो, चिमटीत धरून धागा ओढतो. सरकारी खरेदी करणारे सीसीआयवाले तर ओलावा मोजतात. 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. इथले साहेबही तसेच. "मी मेहनती आहे" हा नुसता वरचा थर. ते विचारतात, काम अडलं होतं असा एखादा प्रसंग सांगा. तुमच्याकडे काय होतं, तुम्ही स्वतः काय केलं, त्यातून निघालं काय? म्हणून जाहिरातीतली एकेक अट वहीत उतरवली आणि प्रत्येकीसमोर त्यांच्या कामातला एकेक प्रसंग, आकड्यांसकट. माझ्या मते खरी तयारी एवढीच. टायचं कौतुक त्यांचं त्यांना.

पगाराची अपेक्षा विचारली तर म्हणतात, "तुम्हाला योग्य वाटेल ते." मी सराटाच उगारला! इथे कर कापायच्या आधीचा वर्षाचा आकडा उमेदवारानेच सांगायचा असतो.

आई, गंमत ऐक. बाईला "गरोदर आहात का?" असं मुलाखतीत विचारायला इथे कायद्याने मनाई आहे, आणि विचारलंच तर तिने खोटं सांगितलं तरी चालतं. आपल्याकडे पाळणा कधी हलणार हे विचारल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नाही. दुसरं म्हणजे, मुलाखतीला बोलावणाऱ्याने आधीच नाही म्हटलं नसेल तर जाण्यायेण्याचा खर्च त्याने द्यायचा; दिवाणी कायद्याच्या कलम 670 चा आधार आहे त्याला. हे कळल्यापासून जावईबापूंना लांबच्या गावांच्याच जाहिराती आवडायला लागल्यात.

आपल्या पप्पूची कॅम्पस मुलाखत जवळ आलीय ना? त्याला म्हणावं, मोबाइलवरची पाठ उत्तरं राहू दे. प्रोजेक्टात स्वतःच्या हाताने काय केलंस ते लिही आणि रोज रात्री बाबांपुढे मोठ्याने सांग. आणि बाबा, "छान छान" म्हणून त्याला सोडू नका. खोदून विचारा.

तुमची,
बेबी

ता. क. प्रवासखर्च खात्यात जमा झाला. नोकरीचं पत्र यायचंय.