कासवावरची नगरपालिका

टेरी प्रॅचेट या इंग्रज कादंबरीकाराचं जग ताटासारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर टेकलंय, हत्ती एका अवाढव्य कासवावर उभे आहेत आणि कासव अवकाशात संथपणे पोहत चाललंय. मराठी वाचकाला यात दचकण्यासारखं काही नाही. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावूनच आपण देवाकडे वळतो. आपल्याकडे कासवाने मंदार पर्वत तोलला, हत्तींनी दिशा तोलल्या. पण पुराणांनी भार वाहणाऱ्यांची सोय लावली आणि तिथेच हात झटकले. प्रॅचेटने त्या कासवावर शहर वसवलं आणि मग चौकशी सुरू केली, की इथला मैला जातो कुठे?

जातो तो आंख नदीत. ती इतकी गाळाने भरलेली, की वाहते म्हणण्यापेक्षा सरकते म्हणावं. तिच्या काठचं आंख-मॉरपोर्क हे ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतलं मुख्य शहर. तिथे जादूगारांचं विद्यापीठ आहे आणि त्याचा ग्रंथपाल एका अपघातात ओरांगउटान झालाय. माणूस व्हायला तो पुन्हा तयार नाही, कारण चार हातांनी पुस्तकं लावायला सोपं जातं. तिथे चोरांचाही रीतसर संघ आहे. वर्षाला किती चोऱ्या करायच्या ते ठरलेलं, आणि चोरी झाली की पावती मिळते. परवाना नसलेल्या चोराचा बंदोबस्त संघच करतो, पोलिसांना तसदी नाही. ही कल्पना विनोदी आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. आधी वाटलं, व्यवस्था बरी आहे.

इतर अद्भुतकथांमध्ये राजपुत्र तलवार घेऊन निघतो, आणि त्याच्या घोड्याला वाटेत चारा कोण घालतो हे कुणी विचारत नाही. प्रॅचेट विचारतो. त्याच्याकडे मृत्यू हे एक पात्र आहे. हाडांचा सापळा, हातात कोयता, मांजरांवर जीव आणि झणझणीत रश्श्याची आवड. त्याने आधी सापळ्याचा घोडा वापरून पाहिला, पण निखळलेली हाडं तारेने बांधायला सारखं थांबावं लागायचं. ज्वाळांच्या घोड्याने तर तबेलाच पेटवला. शेवटी त्याने साधा, हाडामांसाचा पांढरा घोडा घेतला आणि नाव ठेवलं बिंकी. हे वाचल्यापासून मला यमाच्या रेड्याची काळजी वाटू लागलीय.

ही नजर आली कुठून, याचं उत्तर त्याच्या नोकऱ्यांमध्ये आहे. बीकन्सफील्डला 1948 साली जन्मलेला हा मुलगा सतराव्या वर्षी शाळा सोडून ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाला. सभा, अपघात, प्रदर्शनातले भोपळे. पुढे 1980 मध्ये तो वीजमंडळाचा जनसंपर्क अधिकारी झाला आणि त्याच्या वाट्याला अणुवीज केंद्रं आली. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रातला अपघात नुकताच, 1979 मध्ये झालेला. ‘काळजीचं कारण नाही’ हे वाक्य दिवसभर पत्रकारांना सांगणारा माणूस रात्री घरी येऊन जादूगारांवर लिहीत होता. ‘द कलर ऑफ मॅजिक’ ही मालिकेतली पहिली कादंबरी 1983 ची, नोकरी सुटली 1987 मध्ये. अणुवीज केंद्राचा प्रवक्ता आणि जादूगारांचा चरित्रकार या दोन कामांत फारसं अंतर नसावं. दोन्हीकडे मोठी शक्ती जपून हाताळावी लागते आणि हाताळणारे जेवणाच्या सुट्टीत असतात.

‘डिस्कवर्ल्ड’च्या आधी त्याने सरळसरळ विज्ञानकथाही लिहिल्या. ‘स्ट्राटा’ (1981) मध्ये सपाट जग आहे, पण ते कारागिरांनी बांधलेलं. कासव नंतर आलं. आणि अगदी पहिली कादंबरी ‘द कार्पेट पीपल’ (1971) ही गालिच्याच्या धाग्यांमध्ये राहणाऱ्या चिमुकल्या लोकांची. ती लिहिली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने ती पुन्हा लिहिली आणि जाहीर केलं, की या पुस्तकाचे लेखक दोन आहेत आणि दोघंही मीच.

एकेचाळीस पुस्तकांमधलं मला सर्वांत आवडतं पात्र मात्र जादू न येणारं आहे. सॅम व्हाइम्स, रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांचा कप्तान. ‘मेन ॲट आर्म्स’ (1993) मध्ये त्याचा महिन्याचा पगार आहे अडतीस डॉलर. चांगले बूट पन्नास डॉलरला, ते वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडतात ते दहाचे. एकदोन हंगामांत तळ फाटतो. म्हणजे दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर शंभर डॉलर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच राहतात. श्रीमंत श्रीमंत का राहतो, याचा उलगडा व्हाइम्सला असा तळव्यातून होतो. पुढे 2022 मध्ये ब्रिटनमध्ये स्वस्त किराण्याच्या महागाईची नोंद ठेवायला निघालेल्या निर्देशांकाला या बुटांचंच नाव दिलं गेलं. हत्ती आणि कासव राहिले बाजूला, अर्थकारणात शिरले ते बूट.

डिसेंबर 2007 मध्ये त्याने जाहीर केलं, की आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाला आहे. दिसतं त्याचा अर्थ लावणारा मेंदूचा मागचा भाग त्यात आधी झिजतो. टाइप करणं जमेना, तेव्हा तो सांगून लिहवू लागला. ‘सर’ झाल्यावर सरदाराजवळ तलवार हवी म्हणून त्याने लोहखनिज वितळवून, त्यात उल्केचे तुकडे घालून, तलवार घडवली. आजार असा आणि हौस अशी.

मार्च 2015 मध्ये तो गेला. अपुरी राहिलेली पुस्तकं संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये होती आणि त्या डिस्कवरून रोड रोलर फिरवावा अशी त्याची इच्छा होती. दुसरा कुणी असता तर ‘नष्ट करा’ म्हणून थांबला असता. बातमीदाराने यंत्राचा प्रकारसुद्धा सांगून ठेवला. ऑगस्ट 2017 मध्ये डॉर्सेटच्या वाफयंत्रांच्या जत्रेत जुना वाफेचा रोलर त्या डिस्कवरून फिरवला गेला. खाली ठेवलेल्या दगडांचा चुरा झाला, डिस्क मात्र बऱ्यापैकी तगली. मग ती खडी फोडायच्या यंत्रात घालावी लागली.