घरचा बारनीस

आमचे नाव मोत्या. हे नाव शोधण्यात आमच्या धन्याने फार मोठा बुद्धिव्यय केला असे म्हणवत नाही. कारण आमच्यापूर्वी याच उंबरठ्यावर जे तीन श्वान सेवा करून कालवश झाले, त्यांचीही नावे मोत्याच होती, आणि इसम बदलला तरी हुद्द्याचे नाव बदलत नाही हा सरकारी दप्तरातला दंडक आमच्या घराने पूर्वापार पाळलेला आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेल्या एका स्लॅबच्या घरात आमचे वास्तव्य आहे. पंचतारांकित हा शब्द वाचून कोणा परगावच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे गालिचे, झुंबरे आणि मखमली उशीवर पहुडलेली विलायती कुत्री उभी राहिली असतील, तर त्याने ती कृपा करून पुन्हा खाली बसवावीत. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या परिभाषेत हे तारे रस्ते, पाणी, वीज अशा सोयींचे असतात; एरवी रात्री मान वर करून आभाळातले तारे मोजू लागावे, तर शेडवरच्या दिव्यांच्या झगमगाटात तेवढे पाचसुद्धा धड दिसत नाहीत.

चाणक्याच्या नावावर चालत आलेल्या नीतिग्रंथात आमच्या जातीचे सहा गुण सांगितले आहेत: मिळाल्यास पोटभर खाणे, न मिळाल्यास थोडक्यात संतुष्ट राहणे, गाढ झोपणे, चाहूल लागताच उठणे, धन्याशी एकनिष्ठ असणे आणि शौर्य. वसाहतीला तारे पाच आणि आपल्याला गुण सहा, म्हणजे एका अंकाने आपण सरस आहोत, असा अभिमान आम्ही काही काळ बाळगला होता. पुढे कारखान्यांच्या फाटकांशी बसून ठेकेदार मंडळी नव्या पोरांना कशी पारखून घेतात हे पाहिल्यावर आमच्या ध्यानात आले, की त्यांनाही नेमके हेच गुण हवे असतात, फक्त शौर्य नको असते. आणि सहातून ते वजा केले असता बाकी पाचच उरतात.

आमच्या घरात माणसे पाच आणि दिवस तीन. मालक एका फाउंड्रीत तिसऱ्या पाळीला, म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सात. थोरले चिरंजीव सीएनसी मशिनीवर ट्रेनी म्हणून पहिल्या पाळीला. मालकीणबाई एका कॅन्टीनात चपात्या लाटण्यासाठी दुपारी तीनला जाऊन रात्री अकराला परतणाऱ्या. धाकट्या ताई एस.टी.ने कोल्हापूरच्या कॉलेजात. आणि आबा, ज्यांची पाळी कोणत्याच कारखान्याच्या तक्त्यावर नाही. सकाळी मालकांची मोटारसायकल दारात येते तेव्हा थोरल्यांची जाऊन तासभर झालेला असतो. रात्री मालकीणबाईंनी पायरीवर पाय ठेवावा, तेव्हा मालकांनी ती नुकतीच सोडलेली असते. आणि बापलेकांची भेट व्हायचीच तर ती हमरस्त्यावर, पाळी बदलताना, हेल्मेटच्या काचेआडून मान हलवण्यापुरती होते. अशा या कुटुंबात रोज प्रत्येकाला भेटणारा, प्रत्येकाला दारापर्यंत पोचवणारा आणि प्रत्येकाच्या पावलाची चाहूल घेणारा प्राणी एकच असून त्याला चार पाय आहेत. थोरल्यांच्या भाषेत सांगायचे तर घरातला एकमेव ‘पर्मनंट’ आम्ही.

हजेरी आम्ही नाकाने घेतो. मालक येतात ते जळकी वाळू आणि तापलेल्या लोखंडाचा वास घेऊन. थोरल्यांच्या बाह्यांना कूलंट चिकटलेले असते. मालकीणबाईंच्या पदराला पीठ आणि करपलेल्या तव्याची वाफ असते. आबांच्या धोतराला तंबाखू. धाकट्या ताईंच्या ओढणीला गेले दोन महिने एस.टी.च्या डिझेलखेरीज आणखी एक परका सुवास येत आहे, ज्याची आवक आम्ही यथाविधी नोंदवली आहे, पण प्रकरण गोपनीय सदराखाली येत असल्यामुळे जावक अद्याप केलेली नाही.

आवक आणि जावक हे शब्द आम्ही सहज लिहिले नाहीत. जुन्या कचेऱ्यांतून बारनीस नावाचा एक कामगार असे. आलेला कागद नोंदवावा, ज्याचा त्याला पोचवावा, आणि आपले मत मात्र कोठेही नोंदवू नये, हे त्याचे काम. आमच्या घरात ही बारनिशी आमच्याकडे आहे. नेमणुकीचा हुकूम कधी निघाला हे आम्हास ठाऊक नाही. परंतु कामाचे स्वरूप कळावे म्हणून गेल्या मंगळवारचा एक व्यवहार जसाच्या तसा देतो.

मालक कामावरून येऊन पायरीवर बसले होते आणि सेफ्टी बुटांच्या नाड्या सोडत होते. आत भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजत होती, हा पहिला इशारा. मग मालकीणबाई उंबऱ्यात आल्या, मालकांकडे न पाहता आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, “मोत्या, सांग तुझ्या मालकास्नी, गॅस संपलाय म्हणावं. तीनदा सांगून झालं. न्हाईतर आता चूल मांडतो दारात.”

मालक आमच्यापासून दोन हातांवर आणि मालकीणबाईंपासून तीन हातांवर होते. त्यांनी मान वर न करता आमच्या कानामागे खाजवले आणि म्हणाले, “तिला म्हणावं, पगार सात तारखेला. तवर गॅसवाला काय माझा मेव्हणा हाय उधारीवर द्यायला?”

“भावाचं नाव काढायचं काम न्हाई म्हणावं! गेल्या खेपंचा सिलिंडर त्यानंच दिलाय.”

मालकांची दुसरी नाडी गाठ पडून अडकली. ती सुटेपर्यंत कोणी काही बोलले नाही. आम्ही शेपूट एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे हलवून दोन्ही पक्षांना पोच दिली. मग मालक आत गेले, खुंटीवरच्या जुन्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेली एक नोट काढून ओट्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मालकीणबाईंनी ती नोट उचलली, खिडकीला जाड चादर टाकून त्यांच्या डोळ्यांवर येणारे ऊन अडवले, आणि पुढचे सात तास त्या घरात भांडे वाजले नाही.

आता सुज्ञ वाचक विचारील, की तीन हातांच्या अंतरावर उभी असलेली दोन धडधाकट माणसे आपले खलिते चतुष्पाद वकिलाकरवी का पाठवतात? या प्रश्नावर आम्ही पायरीवर पडून पुष्कळ चिंतन केले आहे. रात्रभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसात ऐकून घेण्याचे त्राण उरत नाही, दोनशे माणसांच्या चपात्या लाटणाऱ्या बाईत समजावून सांगण्याचे बळ उरत नाही, आणि दोघांनाही एकमेकांवर ओरडण्याची हौस नाही. तेव्हा जे बोलल्यावाचून राहवत नाही ते अशाला सांगावे, की जो उलट बोलणार नाही आणि ज्याच्या तोंडून शब्द वाढणारही नाहीत. माणसे आम्हाला मुकी जनावरे म्हणतात. मुकी आहोत म्हणून तर आमच्यावर हे काम सोपवले आहे.

वेतनाबद्दल मात्र थोडे गाऱ्हाणे आहे. १७४९ साली निवर्तलेले सातारचे छत्रपती शाहू महाराज यांचा खंड्या नावाचा एक श्वान होता. त्याने शिकारीत महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्यास पालखीचा मान आणि जहागीर दिली, असे परंपरा सांगते. त्याची समाधी संगम माहुलीला कृष्णेच्या काठी आजही आहे. आम्ही पालखी मागत नाही. परंतु रविवारी मटण शिजते, त्या दिवशी मालक नळीचे हाड ताटाच्या काठावर आपटून आपटून आतला कण अन् कण काढून घेतात आणि नंतर ती पोकळ नळी “घे रे मोत्या” अशा औदार्याच्या स्वरात आमच्यापुढे टाकतात, तेव्हा आपल्याला इनाम मिळाले की इनामाचा नुसता दाखला मिळाला, याचा आम्हास बोध होत नाही. एकदा थोरल्यांनी ट्रेनीच्या पगाराची चिठ्ठी पायरीवर बसून वाचली, कपातीचे रकाने मोजले आणि त्या चिठ्ठीची गुंडाळी करून आमच्याकडे फेकली. आम्ही ती चाटून पाहिली. तीही पोकळच होती.

आबांची हकीकत निराळी आहे. ते पहाटे चारला उठतात. शेत गेले, पण शेताची वेळ गेली नाही. भूसंपादनात जमीन गेली, मोबदला आला, मोबदल्याचा स्लॅब झाला, मोटारसायकल झाली, एका आत्याबाईंचे लग्न झाले, आणि हिशेबाच्या शेवटी बाकी म्हणून आबा आणि एक खुरपे उरले. रोज पहाटे आम्ही दोघे कारखान्याच्या भिंतीच्या कडेने चालत जातो. एका ठरावीक सिमेंटच्या खांबापाशी आबा थांबतात, काठी टेकतात आणि रोज तेवढेच सांगतात, “हितं आपली हीर हुती, मोत्या.” मग आतून वॉचमनची बॅटरी चमकते: “ओ आबा, हितं थांबायचं न्हाई.” वॉचमनचा यात काही दोष नाही, तोही कोणाचे तरी शेत सोडूनच इथे उभा राहिलेला असतो. आम्ही खांबाच्या बुडाशी एक पाय वर करून हद्द कायम करतो, आणि त्यासाठी आम्हाला मोजणी लागत नाही, फेरफार लागत नाही, तलाठीही लागत नाही. आबांना ही सोय नाही. त्यांचे नाव सातबाऱ्यावरून कमी झाले. आमचे त्यावर कधी चढलेच नव्हते, म्हणून ते कमी करण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

परत आल्यावर आबा चष्म्याची दोरी कानाला गुंडाळून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. गेल्या वर्षी आमच्या जातिबांधवांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याचे साद्यंत वर्तमान आम्हाला असेच कळले. २०२३ च्या नियमांत असे आहे, की रस्त्यावरचा कुत्रा धरावा, त्याची नसबंदी करावी, त्यास लस टोचावी आणि जिथून उचलला तिथेच नेऊन सोडावा. ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने दिल्ली परिसरापुरते सांगितले, की धरलेले कुत्रे परत सोडूच नयेत. २२ ऑगस्टला त्यात फेर करून सांगितले, की पिसाळलेले आणि अंगावर धावणारे वगळून बाकीचे लस टोचून पुन्हा त्यांच्या जागी सोडावेत. आणि नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांची आवारे या सवलतीतून वगळली, कारण अपवादाशिवाय कायदा म्हणजे हाडाशिवाय मटण. यातले पुष्कळसे आबांच्या डोक्यावरून गेले असावे. परंतु एका वाक्यापाशी ते थांबले, बोट ठेवून त्यांनी ते पुन्हा वाचले, आणि म्हणाले, “उचललेलं जित्राब परत त्याच जाग्यावर सोडायचं. बरा हाय की कायदा.” मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि तंबाखू मळायला घेतली.

वर्षातून एक दिवस मात्र आमच्या घराला एकच घड्याळ असते. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तेव्हा मालक रजा टाकतात, थोरले खाडा करतात, मालकीणबाई कॅन्टीनात निरोप धाडतात, आणि पाचही जण आम्हाला घेऊन निघतात. भंडाऱ्याने आभाळ पिवळे होते, ढोलांनी छाती हादरते. यात्रेत भविष्य सांगणाऱ्या फरांडे बाबांची भाकणूक होते, ती ऐकायला आबा गर्दीत पुढे घुसतात. पाऊस कसा पडेल आणि पीक कसे येईल हे ज्याला आता गुंठाभरही पेरायचे नाही असा माणूस इतके जिवाचे कान करून का ऐकतो, हे आम्हाला अद्याप उमगलेले नाही. गेल्या यात्रेत एका धनगराचा कुत्रा आम्हाला भेटला. उंच, काटक, पायांना भेगा पडलेला, खराखुरा नोकरदार. जातभाई म्हणून त्याने आपुलकीने विचारले, “तुझ्याकडं मेंढरं किती?”

आम्ही म्हणालो, “पाच.”

तो हसला. “पाच राखायला काय लागतंय?”

“ती एकत्र कधी चरत नाहीत,” आम्ही म्हणालो.

त्याचे हसू मावळले. तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, की शंभर एकत्र असली तर सोपे असते.

हा प्रसंग मनात घोळत राहिला आणि आम्ही रजेचा अर्ज करण्याचे ठरवले. आठवड्यातून एक दिवस बारनिशी बंद ठेवावी. त्या दिवशी आम्ही शेडमागच्या सावलीत कान पाडून झोपू, कोणाचा खलिता घेणार नाही, कोणाला पोच देणार नाही. ज्याला जे म्हणायचे असेल ते त्याने ज्याचे त्याला, तोंडाकडे पाहून, तीन हातांवरून म्हणावे. आणि ताईंच्या ओढणीचे प्रकरणही ताईंनी स्वतःच आईच्या कानी घालावे, म्हणजे आमच्या दप्तरातली ती एक थकबाकी निकाली निघेल. हा मजकूर सादर करण्यासाठी काल रात्री अकरा वाजता मालकीणबाई परतताच आम्ही त्यांच्यापुढे जाऊन बसलो, पुढचा पंजा उचलला आणि जमेल तेवढ्या नम्रतेने कुंईकुंई केले.

दिवसभर उभ्या राहून त्यांचे पाय सुजले होते. त्या पायरीवर टेकल्या, पदरात गुंडाळून आणलेली कॅन्टीनातली अर्धी चपाती आमच्यापुढे ठेवली, मोटारसायकलीच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, आणि आमच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मोत्या, उद्या सकाळी मालकास्नी सांग, उपाशी झोपू नकासा म्हणावं. आमटी झाकून ठेवलीया.”

अर्ज दाखल झाला आहे. पुढील कार्यवाहीसाठी तो आमच्याकडेच आहे.