शेळीवरचा उंट

सहा फूट दोन इंच उंचीचा पन्नाशीतला गृहस्थ जुनी बीएमएक्स रेसिंग फ्रेम शोधू लागला की समजावं, प्रश्न सायकलीचा नाही, गुडघ्यांचा आहे. सत्तरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मातीत सायकलवर मोटोक्रॉसची नक्कल करत हा खेळ सुरू करणारी पोरं शाळकरी होती आणि फ्रेमही त्यांच्याच मापाच्या. जीटी सायकल कंपनीवाल्या गॅरी टर्नरने फ्रेम जोडायला घेतली ती मुलासाठी. बाबांसाठी नव्हे, पण हे सांगणार कोण?

आजच्या प्रो एक्सएल मापाच्या फ्रेमची आडवी नळी 21 इंचांच्या आसपास असते. तेव्हाच्या कित्येक फ्रेम त्याहून दोन-तीन इंच आखूड. गृहस्थांना मान्य नाही. ते मागे वाकवलेला सीटपोस्ट आणतात. मग सीट वर, अजून वर, ‘याच्या वर काढू नये’ अशी कोरलेली रेघ उघडी पडेपर्यंत. वळणावर गुडघा हँडलबारला ठोकतो. तरी तोंडावर हसू, कारण क्रोम अस्सल आहे आणि 1981चं स्टिकर अर्धं शाबूत!

24 इंची चाकांची क्रूझर मोठ्यांना सोयीची असते, असं कुणी सुचवून पाहावं. उपवासाच्या ताटात कांदा वाढल्यासारखा चेहरा होतो.

परवा एकाने अखेर फ्रेम दिवाणखान्यात टांगली. बायकोने विचारलं, “आता तरी बरोबर बसली का?” तो स्पिरिट लेव्हल आणायला गेला.