लॅबमधल्या ‘मेक इन्स्टॉल’ महर्षींस अनावृत पत्र

मा. महोदय,


आमच्या धाराशिवच्या कॉम्प्युटर लॅबमधलं उबुंटू २२.०४ निमूटपणे पायथॉन ३.१० वर चालत होतं, हे आपल्याला बघवलं नाही. आपण ३.१२ चा सोर्स उतरवला, प्रीफिक्स म्हणून थेट ‘/यूएसआर’ दिलं आणि सुडो लावून ‘मेक इन्स्टॉल’ ठोकलं. स्क्रीनवर ओळी सरसर पळताना काय धन्य वाटलं असेल!

दुसऱ्या दिवशी कळंब-भूमची पोरं प्रॅक्टिकलला बसली. टर्मिनलच्या चित्रावर क्लिक केलं. चक्र फिरलं, थांबलं, टर्मिनल काही उघडेना. उबुंटूत ते उघडून देणारी छोटी स्क्रिप्ट पायथॉनचीच, आणि तिला लागतो उबुंटूने दिलेला ३.१०. आपण तर ‘पायथॉन३’ हे नावच ३.१२ कडे वळवलेलं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर गेलो, ‘ॲप्ट अपडेट’ दिलं. शेवटी तेही बोंबललं: ‘एपीटी_पीकेजी’ नावाचं मॉड्यूल नाही.

सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. आपण ते डिस्कवर करून दाखवलंत. डीपीकेजीला विचारलं, ‘पायथॉन३’ कोणाचं? तो तलाठ्याच्या थाटात सांगतो, ‘पायथॉन३-मिनिमल’ पॅकेजचं. बांध कोरून आत कोण बसलंय, याची त्याच्या दप्तरी नोंदच नाही.

पायथॉनच्या रीडमीत ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ स्पष्ट लिहिलंय. ‘/यूएसआर/लोकल’ तर अशा हौसेसाठीच राखून ठेवलेलं असतं. पण रीडमी वाचायचं आम्ही, कमांड द्यायची आपण, अशी वाटणी झालेली दिसते. डेबियनवाल्यांनी २०२३ साली १२ वी आवृत्ती काढताना पिपला सिस्टीमच्या पायथॉनमध्ये परस्पर हात घालायला मनाई केली. आपली कीर्ती तिथवर पोचली असावी. ‘मेक’ला मात्र सुडो मिळाला की रान मोकळं.

‘पायथॉन३-मिनिमल’ पुन्हा बसवलं, टर्मिनल उघडलं. आपला ३.१२ मात्र ‘/यूएसआर/लिब’मध्ये पाय पसरून बसलाय, आणि पायथॉनच्या मेकफाइलमध्ये ‘अनइन्स्टॉल’ची सोयच नाही. तेव्हा शनिवारी लॅबवर यावे. कुठली फाइल कुठे टाकली, ते आपण एकेक हुडकून सांगायचं. सुडो मी टाइप करीन.

आपला,
लॅब सांभाळणारा