जॉबरमामा

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला. पुढे माग वाढले, कारखानदार वाढले, आणि या दोहोंनाही मुठीत ठेवणारा जॉबर नामक जो माग दुरुस्त करणारा गृहस्थ उदयास आला, त्याच्या विद्येची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात आढळत नाही, कारण नोंद होईल असे काही बोलायचेच नाही, हा त्या विद्येचा पहिला दंडक होय.

एखाद्या मागावरचा धोटा वारंवार उडू लागला, की मामांना पाचारण होते. (जॉबर कोणत्याही वयाचा असो, कारखान्यात तो मामाच.) मामा येतात, डोळे मिटून मागाचा खडखडाट ऐकतात, नाडी सापडलेल्या वैद्यराजाप्रमाणे मान डोलावतात, आणि हाताखालच्या पोराकडे अशा बेताने पाठ करून वाकतात, की त्यास मामांचा सदरा दिसावा, पाना दिसू नये. माग सुरळीत चालू लागतो. “मामा, काय केलंत?” “जरा आवळलं.” काय आवळले आणि ‘जरा’ म्हणजे किती, हे विचारण्याचा अधिकार पोरास बहुधा मामांच्या पश्चात प्राप्त व्हावयाचा असतो. एका कारखानदाराने हे ज्ञान लेखनिविष्ट करण्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही देऊन दिवाणजींना मामांसमोर बसविले. दोन प्रहरांच्या कथनानंतर वहीत ‘आवाज बदलला की समजावे’ एवढेच उतरले, आणि त्याखाली दिवाणजींनी सवयीने बेरजेची रेघ ओढली.

हे कार्पण्य मात्र उंबरठ्याच्या आतले. समोरच्या चहाच्या गाड्यावर शेजारच्या कारखान्यांतले जॉबर जमले, म्हणजे पिकिंगची, म्हणजे धोटा फेकण्याची, वेळ किती मागे घेतली, धोट्याची पेटी कितपत सैल केली, याचे साद्यंत निरूपण सुरू होते. कारण पोरापुढे मिरविलेल्या पराक्रमाची किंमत ती काय, दाद द्यावी ती बरोबरीच्याने! शिवाय मागांच्या गोंगाटात जन्म गेलेला असल्याने कुजबुज ही कला मामांना अवगतच नाही, त्यामुळे पलीकडच्या बाकावर भजी खात बसलेल्या पोराचे सारे शिक्षण तेथेच उरकते. हे मामांना ठाऊक नसेल, असे मला तरी वाटत नाही.

कारखानदाराच्या हे ध्यानी आले, तेव्हा त्याने पोराचा चहा कारखान्याच्या हिशेबी टाकण्याची तजवीज केली. परंतु जमाखर्चात शिक्षण असे खातेच नसल्याची हरकत घेऊन दिवाणजींनी ती रक्कम वंगणतेलाखाली खर्ची घातली.